ऊद फिरला तरी न उठलेला मंत्री

हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं. उद्यावर टाकलं तर राग निवेल, मग मी काहीतरी समजूतदार लिहीन, आणि समजूतदार लिहायचं माझ्या मनात नाहीये. आत्ता शुवैख बंदराच्या धक्क्यावरून आलोय, शर्टाला अजून डांबराचा वास येतोय, ऑफिसात टाइप करायचे कागद तसेच पडलेत आणि मी मशीन बाजूला सारून हाताने मराठी लिहायला बसलोय. टाइपरायटरवर माझी बोटं जिभेच्याही पुढे पळतात, पेन धरलं की अडखळतात. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाचा.

सांगायचंय ते एका फ्रेंच पुढाऱ्याबद्दल. रत्नागिरीकडच्या पोराला फ्रान्सच्या पुढाऱ्याचं काय पडलंय, असं तुम्ही म्हणाल. मलाही काही पडलेलं नव्हतं. पण या माणसाची अख्खी कारकीर्द मी माझ्या दहा बोटांनी टाइप केलीय, आणि या माणसामुळे माझा सख्खा भाऊ आज माझ्यापासून चार हातांवर असून मला भेटू शकला नाही. म्हणून सांगतोय.

मी कुवेतला आलो तेव्हा मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. तेव्हा इथे आपलाच रुपया चालायचा, गावाभोवतीची मातीची जुनी भिंत उभी होती, आणि इंग्लिश टाइप येणारा पोरगा म्हणजे सोनं. मला नोकरी मिळाली एका कुवेती व्यापाऱ्याकडे. सगळे त्यांना हाजी म्हणायचे, मीही हाजीच म्हणतो. हाजी तरुणपणी खजुराची गलबतं घेऊन आपल्या किनाऱ्याला यायचे. रत्नागिरीचं बंदर त्यांनी माझ्या जन्माच्या आधी पाहिलेलं, मुंबईला तर महिने काढलेले, त्यामुळे हिंदुस्थानी फाडफाड बोलायचे. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तेरे गाँव में अभी भी वो भगवती का किल्ला दिखता है पानी से?" मी हो म्हटलं. झालं, नोकरी पक्की.

ऑफिसचा मॅनेजर लेबननचा. त्याला आम्ही उस्ताद म्हणायचो. लहानपणी पाद्र्यांच्या शाळेत फ्रेंच शिकलेला, केसांना चापून तेल, आणि फ्रान्सचं नाव काढलं की डोळे असे व्हायचे की जणू तिथे कुणी शिंकतसुद्धा नसेल. फ्रेंच अत्तर, फ्रेंच टाइल, फ्रेंच बिस्किटं, ज्यावर तिथला शिक्का असेल ते सगळं हाजींनी मागवावं हा त्याचा ध्यास. सुवेझची लढाई झाली तेव्हा गावाने इंग्लिश आणि फ्रेंच माल घ्यायचा बंद केला. आमच्या भिंतीवरचं अत्तराच्या बाटलीचं मोठं चित्र उस्तादने स्वतः काढलं आणि फाडायच्या ऐवजी गुंडाळून कपाटावर ठेवलं. मी पाहिलं होतं.

त्या फ्रान्सवाल्या पुढाऱ्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हाच, चहाच्या दुकानातल्या रेडिओवर. एक इजिप्शियन मास्तर ऐकून ऐकून आम्हाला सांगायचा. तिकडच्या पार्लमेंटात हा उठला आणि म्हणाला म्हणे, की आपल्या सैन्याने अर्ध्यातून परत यायला नको होतं, आणि या रेतीतल्या लोकांना स्वतःच्या तेलाचं काय करायचं हेही कळत नाही. मास्तर म्हणाला, "हा तिथला सगळ्यात स्पष्ट बोलणारा माणूस आहे." दुकानातला इराणी म्हणाला, "माझी सासूपण आहे." विषय तिथेच संपला.

नंतर काही वर्षं गेली. भिंत पाडली, रुपया जाऊन दिनार आला, कुवेत स्वतंत्र झालं, अल्जीरियातूनही फ्रेंच गेले आणि फ्रेंच मालावरचा लोकांचा राग हळूहळू उतरला. उस्तादने कपाटावरचं चित्र खाली काढून झटकलं. एक दिवस तो नाचतच आत आला. एका फ्रेंच कंपनीला इथे पाण्याचे पंप विकायचेत, कंपनीचा सल्लागार स्वतः येतोय, आणि तो सल्लागार म्हणजे, विश्वास ठेवा, माजी मंत्री. कोण? तर हाच. रेतीतल्या लोकांवाला.

आता माझं काय अडलं होतं ते ऐका. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला भाईजान म्हणतो, तेव्हा मुंबईला डोंगरीत चाचांच्या घरी पासपोर्ट तयार करून बसला होता. दुकानातली नोकरी त्याने सोडली होती, कारण मीच कळवलं होतं की सोड. हाजींनी शब्द दिला होता. पंप घ्यायचं ठरलं तर शुवैखला नवं गोदाम उघडायचं, तिथे भरवशाचा माणूस लागेल, तेरे भाई को बुला ले. भाईजानचं लग्न ठरलेलं. मुलीच्या बापाने गोड बोलून सांगितलं होतं की कुवेतचा कागद हातात आला की तारीख काढू. म्हणजे बघा, पंप आले तर गोदाम, गोदाम झालं तर व्हिसा, व्हिसा आला तर निकाह. आणि पंप कोण आणणार, तर हा गृहस्थ. मी रोज नमाजात एका फ्रेंच पुढाऱ्याच्या यशासाठी दुवा मागत होतो, आणखी काय सांगू.

तो यायच्या आधी हाजींना त्याची माहिती द्यायची होती. उस्ताद फ्रेंच कात्रणांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी बसला. तो वाचून इंग्लिशमध्ये सांगणार, मी टाइप करणार, मग तो त्याचं अरबी करणार. असे आम्ही दोन दुपारी बसलो, आणि माझ्या बोटांखाली तो माणूस उभा राहिला.

बाप गावचा मोठा वकील. हाही वकील. महायुद्ध संपल्यावर निवडून आला, कारण त्या भागात बापाचे उपकार नसलेला माणूस नव्हता. पार्लमेंटात उभा राहिला की खाली बसायचा नाही, हीच त्याची ख्याती. संप करणाऱ्यांना गजाआड घाला, शाळांत पाद्र्यांना परत आणा, बायकांनी घर सांभाळावं, ज्यांना देश सोडायचा त्यांनी खुशाल सोडावा. त्या काळात फ्रान्सची सरकारं सारखी पडायची, त्यामुळे कधीतरी प्रत्येकाचा नंबर लागायचाच, तसा याचाही लागला. मंत्री झाला, आणि खुर्ची गरम व्हायच्या आत सरकार पडलं. इंडोचायना सोडू नका म्हणून ओरडला, इंडोचायना गेलं. सुवेझच्या कालव्यावरून मागे फिरू नका म्हणून ओरडला, फौजा मागे फिरल्या. अल्जीरिया म्हणजे फ्रान्सच, त्यावर चर्चासुद्धा नको म्हणाला, अल्जीरियाही गेलं. आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी पेपरात, मी सांगितलंच होतं.

मी टाइप करता करता थांबलो. "उस्ताद, हा जिंकला कधी?"

"जिंकायचं काय त्यात. तो बोलला."

"बोलून काय झालं?"

"तू टाइप कर."

पुढे पक्षाशी भांडला, कारण पक्षवाले त्याला म्हणाले की जरा कमी बोल. मग स्वतःचा पक्ष काढला. त्या पक्षात हा, याची सेक्रेटरी, आणि याचेच लेख छापणारं एक साप्ताहिक. पुढच्या निवडणुकीत पडला. पडल्यावर लोकांना मूर्ख म्हणाला, तेही साप्ताहिकात छापलं. मग पंपाच्या कंपनीने त्याला सल्लागार केलं, कारण माजी मंत्री म्हटलं की दारं उघडतात. ज्या लोकांना स्वतःच्या तेलाचं काय करायचं कळत नाही, त्यांना पाण्याचं काय करायचं ते शिकवायला हा निघाला.

"ते रेतीतल्या लोकांचं घालायचं का?" मी विचारलं.

उस्तादने इकडे तिकडे बघितलं. "ते जुनं झालं."

पण हाजींच्या लक्षात होतं. कागद ऐकून झाल्यावर ते दाढीवरून हात फिरवत मला म्हणाले, "ये वही है ना, रेडिओवाला?" मी मान हलवली. ते म्हणाले, तेव्हा तो खुर्चीवर होता, आता विकायला आलाय. विकायला आलेला माणूस मेहमान. पंप चांगला असेल तर घेऊ. सांगायचा मुद्दा, हाजींनी त्याला माफ केलं होतं. दार सताड उघडं होतं. नुसतं आत येऊन, कॉफी पिऊन, वेळेवर उठायचं होतं.

पंपही चांगला होता, तेही सांगून टाकतो. हाजींची अबू हलीफाला समुद्राजवळ एक बाग आहे, विहीर आणि थोडी खजुराची झाडं. नमुन्याचा पंप तिथे लावला तर त्याने असं पाणी खेचलं की माळी कपडे काढून पाटात जाऊन बसला. हाजी खूश. मी त्याच संध्याकाळी भाईजानला कळवलं की कापडं शिवून घे.

मग तो आला. उंच, पांढरा सूट, नाक असं वर की सारखं काहीतरी वास घेतोय असं वाटावं. हात मिळवताना माझ्याकडे बघितलंही नाही, माझ्या मागच्या दाराकडे बघितलं. दुपारच्या अस्रच्या नमाजानंतर हाजींच्या दिवाणियात बैठक होती. दिवाणिया म्हणजे घराच्या पुढची पुरुषांची लांब बैठक, भिंतीला लागून गाद्या, मधे कॉफीची शेगडी. हाजींचे दोन भाऊ, तीन-चार व्यापारी, आणि दाराजवळ मी, व्यवहाराच्या अटी उतरवून घ्यायला. उस्ताद त्याच्या कानाशी बसून फ्रेंचचं अरबी करत होता.

सुरुवात छान झाली. पंपाची किंमत, सुटे भाग, जहाज कधी सुटेल. हाजींनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, इन्शाल्ला, आपण कळवू. म्हणजे ते मनातून हो म्हणाले होते, मला त्यांचा आवाज ओळखता येतो. मग त्यांनी मुलाला खूण केली आणि मुलगा ऊद घेऊन आला.

इथे जरा थांबा, कारण सगळी गंमत इथेच आहे. इथली रीत अशी, की बैठक संपत आली की निखाऱ्यावर उदाचं लाकूड टाकून ते धुपाटणं पाहुण्यांसमोर फिरवतात. पाहुण्याने धूर दाढीला, रुमालाला लावून घ्यायचा, यजमानाला दुवा द्यायची, आणि उठायचं. कुणी ऊठ म्हणत नाही. यजमानाने ऊठ म्हणणं म्हणजे अब्रू गेली, म्हणून तर धूर. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? पैगंबरांच्या जन्माचा मौलूद वाचून झाला, अत्तरदाणी फिरली, मनगटावर फाया लागला की पोरंसोरंसुद्धा चपला शोधायला लागतात. गावात सभा-समारंभाला अत्तर, पानसुपारी आली की त्यानंतर भाषण करणारा माणूस मी तरी जन्मात पाहिलेला नाही.

तो तेव्हा पाहिला.

धूर त्याच्या तोंडासमोर आला. त्याने डोळे मिटले, छाती भरून वास घेतला, आणि त्याचा चेहरा असा फुलला की मी घाबरलो. त्याला वाटलं, आपल्याला ओवाळतायत. तो उभा राहिला. मला वाटलं, चला, सुटलो. पण तो बोलायला उभा राहिला होता. फ्रान्सची संस्कृती, पूर्वेचं शहाणपण, जगाला लागणारा मजबूत हात. उस्ताद घामेघूम होऊन अरबी करत होता. मधेच त्याने काहीतरी गाळलं असणार, कारण मूळ फ्रेंच बरंच लांब होतं आणि अरबीत नुसतं "आणि तुम्ही सगळे थोर आहात" एवढंच आलं.

हाजींनी मुलाकडे बघितलं. मुलाने नवा निखारा घातला आणि ऊद परत फिरवला. शेजारचा म्हातारा व्यापारी रुमाल नाकाला लावून अरबीत पुटपुटला, "याला जरा जास्त लागतो वाटतं."

फ्रान्सवाल्याने पुन्हा डोळे मिटले. आता तो इंडोचायनावर गेला.

मी दारातून उस्तादला खुणा करत होतो. त्याची बाही ओढ, काहीतरी सांग. नंतर मी त्याला विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "पार्लमेंटच्या अध्यक्षाने घंटा बडवली तरी तो थांबायचा नाही. मी कोण?" आणि मला वाटतं, त्या घटकेला पहिल्यांदाच उस्तादच्या मनातला फ्रान्स जरा हलला.

तिसऱ्यांदा ऊद आला तेव्हा खोलीत इतका धूर झाला होता की हाजींचे थोरले भाऊ खोकायला लागले. फ्रान्सवाला त्यांच्याकडे हात करून म्हणाला, की यांना भरून आलंय. खरंच म्हणाला. उस्तादने ते अरबीत केलंच नाही, पण मला फ्रेंच येत नसूनही हातवाऱ्यावरून कळलं, आणि हाजींनाही कळलं.

शेवटी अल्लानेच सोडवलं. दिवस मावळला, मगरिबची अजान झाली आणि सगळे एकदम उठले. आणि या माणसाने काय करावं? छातीवर हात ठेवला, मान लववली, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. सगळे नमाजाला चालले होते आणि हा आभार मानत होता.

तरीसुद्धा मी आशा सोडली नव्हती. हाजी रागावले नव्हते. दोन-चार दिवसांनी म्हणाले, पंप अच्छा है, सोचेंगे. अजूनही होऊ शकलं असतं. पण त्या गृहस्थाला गप्प बसवेल तर ना. परत जाऊन त्याने आपल्या साप्ताहिकात मुलाखत दिली, स्वतःच स्वतःला, आणि मोठ्या अभिमानाने तिचं कात्रण हाजींना पाठवलं. त्यात काय? की अरबांच्या देशात अजूनही फ्रान्सच्या जुन्या, कणखर आवाजाची कदर आहे. तिथल्या बड्या लोकांनी माझ्यासमोर तीन वेळा धूप जाळला, एका वृद्धाला अश्रू आवरले नाहीत, आणि मी थांबलो तेव्हा अख्खी सभा उभी राहिली.

एकही गोष्ट खोटी नाही बघा. धूप तीनदा जळला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळे उभे राहिले. असा माणूस आयुष्यभर खोटं न बोलता जगू शकतो, आणि हेच मला सगळ्यात किळसवाणं वाटतं.

उस्तादने ते हाजींना वाचून दाखवलं. हाजी हसले, इतके हसले की दाढी भिजली. मग हसू पुसून माझ्याकडे वळले.

"कल इसका पंप टूटेगा, मैं बोलूँगा पंप टूटा. ये क्या समझेगा?"

मी कात्रणाची घडी घालत राहिलो.

"समझेगा मैं शुक्रिया बोलता हूँ." असं म्हणून त्यांनी उस्तादला सांगितलं, चांगल्या शब्दांत नकार कळव. मीच ते नकाराचं पत्र टाइप केलं. भराभर टाइप केलं, कारण हळू केलं असतं तर हातच उचलले नसते.

गोदाम झालं नाही. त्या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. मुलीच्या बापाने आणखी थोडं गोड बोलून मुलगी चिपळूणला दिली. भाईजान चाचांच्या घरी किती दिवस बसणार? ओळखीने एका मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून चढला. नंतर जपानी पंप आले, गोदामही उघडलं, हाजींनी मला विचारलंही, "तेरा भाई किधर है?" मी म्हटलं, "समंदर में."

आता आजचं. सकाळी उस्तादने मला पेपर दाखवला. तिकडे पुन्हा कुणाचं तरी सरकार जमलंय आणि हा गृहस्थ परत मंत्री झालाय. निवडणुकीत म्हणे याने सांगितलं की पूर्वेकडचे लोक मला कसे मानतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. अत्तराचं चित्र हल्ली पुन्हा कपाटावर असतं. आणि तेवढ्यात शुवैखहून निरोप, की धक्क्याला लागलेल्या एका जहाजावरचा माणूस तुझं नाव घेतोय.

मी धावत गेलो. भाईजान कठड्याला रेलून उभा, हातात रंग खरवडायची पट्टी, काळाठिक्कर. त्याला खाली उतरायचा पास नाही, मला पोलीस वर चढू देईना. वर तो, खाली मी, मधे तेलकट पाणी.

"काय टायपिस्टसाब, जाड झालास."

"तू वाळलास."

"पगारात जेवण धरलंय, पण चव धरलेली नाही." मग क्रेनचा आवाज थांबेपर्यंत थांबला आणि ओरडून म्हणाला, "आणि तुझा तो फ्रान्सवाला? उठला का शेवटी?"

"नाही," मी ओरडलो. "मंत्री झालाय. आता तर अजिबात उठायचा नाही."

भाईजान हसला. मला वाटलं होतं शिवी देईल, निदान थुंकेल तरी. तो हसला आणि पट्टीने कठडा खरवडायला लागला, कारण मागून कुणीतरी त्याला हाक मारली होती. मग भोंगा झाला. आईला सांग मी बरा आहे, एवढं म्हणाला, आणि मी काय म्हणालो ते त्या भोंग्यात त्याला ऐकू गेलं की नाही ते मला माहीत नाही.

त्या मंत्र्याला भाईजान नावाचा कुणी जगात आहे हे कधीच कळणार नाही, कळलं तरी त्याला वाटेल की तो धक्क्यावर आपल्यालाच सलाम करायला आला होता. पण मला तुम्हाला विचारायचंय, खरंच विचारतोय. तुमच्याकडे असा कुणी येऊन गेलाय का, ज्याच्यासमोर तुम्ही अत्तर फिरवलं, पान दिलं, दिवेसुद्धा मालवले असतील, आणि तो बोलतच राहिला, आणि त्याच्या त्या बोलण्यात तुमच्या घरातलं कुणीतरी कायमचं बाहेर राहिलं? झालंय का असं तुमचं?